खेळावर चरितार्थ

गेल्या दिवाळीनंतर एके सायंकाळीं आमच्या गल्लींतील एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बारावीच्या वर्गांतला, अंगानें उंच, मान खालीं घालून बसलेला. वडिलांच्या हातांत त्याचें गुणपत्रक होतें. "गुरुजी, ह्याला चार शब्द सांगा. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा सोडून पुण्यास क्रिकेट शिकावयास जातों म्हणतो. खेळून कोणाचें पोट भरलें आहे?" असें म्हणून ते गृहस्थ आमच्या तोंडाकडे पाहूं लागले. अशा प्रसंगीं वृद्ध शिक्षकाकडून कोणतें उत्तर यावयाचें हें ठरलेलें असतें, आणि नोकरींत असतां तें उत्तर आम्हीही शेंकडों वेळां दिलेलें आहे. पण त्या दिवशीं तें ओठांवर येईना. ह्याच जिल्ह्यांतील एका मुलाची हकीकत आम्हांस आठवत होती. त्या दोघांस ती तुटक तुटक सांगितली. आज वाचकांपुढें पुरती मांडतों.

पाथर्डी आणि श्रीरामपूर हीं एकाच जिल्ह्यांतील गांवें. २०२४ सालीं अहमदनगर हें जिल्ह्याचें नांव बदलून अहिल्यानगर झालें, तरी आमच्या तोंडीं 'नगर जिल्हा' हेंच येतें. मात्र ह्या दोन गांवांतील अंतर केवळ कोसांचें नाहीं. आमचा तालुका उंचसखल, अवर्षणाचा. श्रीरामपूर प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेलें, ऊंस आणि साखर ह्यांचें गांव. (तेथील आगगाडीच्या स्टेशनास अद्याप बेलापूर म्हणतात, व त्यामुळें नवखा प्रवासी हमखास फसतो.) दसरा-दिवाळी उरकली कीं आमच्या भागांतील असंख्य कुटुंबें ऊंसतोडीसाठीं कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' गणला जातो. मुकादमाकडून आधींच घेतलेली 'उचल' हंगामभर अंगमेहनतीनें फेडावयाची असते. आणि कंबर धरली तरी हंगाम थांबत नाहीं. शरीर हेंच भांडवल म्हणजे काय, हें पाथर्डीकरांस निराळें शिकवावें लागत नाहीं. धंदेवाईक खेळाडूचा विचार करतांना आमच्या मनांत हा कोयता वारंवार येतो. कोणास ही तुलना विजोड वाटेल, तर त्यांनीं पुढील हकीकत वाचून पाहावी.

आपल्या घरांतून खेळाविषयीं जो आदर आहे तो बहुधा हौशी खेळाडूविषयीं आहे. प्रोफेसर दि. ब. देवधर हें त्याचें उत्तम उदाहरण. पुण्यास संस्कृत शिकवावें, आणि वयाच्या ४८व्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढाव्या! त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, आणि स्वतः ते १०१ वर्षें जगले. अशा माणसाचें कौतुक करणें सोपें असतें, कारण त्याच्या चुलीवरचें भांडें खेळावर अवलंबून नव्हतें. तें प्रोफेसरीवर चालत होतें. पैसे घेऊन खेळणाऱ्याकडे मात्र सर्व देशांत कांहींसें वरून पाहण्याची रीत होती. इंग्लंडांत 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असे क्रिकेटपटूंचे दोन वर्ग होते. मैदानावर येण्याचे दरवाजेसुद्धां अनेक ठिकाणीं निरनिराळे असत. हा भेद १९६२ च्या हंगामानंतर काढून टाकण्यांत आला. स्कॉटलंडांत रग्बी युनियन हा खेळ जिवापाड खेळला जातो, पण तेथेंही देशासाठीं खेळणाऱ्या शेतकऱ्यानें किंवा डॉक्टरानें खेळाबद्दल उघडपणें पैसे घेतल्यास तो बहिष्कृत होई. १९९५ च्या ऑगस्टांत हें बंधन उठलें, आणि त्यानंतर त्या देशांतील तरुण रग्बी हाच व्यवसाय म्हणून निवडूं लागले.

जवळजवळ त्याच सुमारास श्रीरामपुराहून सतरा वर्षांचा एक मुलगा क्रिकेटसाठीं मुंबईस गेला. त्याचें नांव झहीर खान. जन्म १९७८ च्या ऑक्टोबरांत, श्रीरामपुरांतच, शिक्षणही तेथेंच, वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. म्हणजे घर मध्यम स्थितींतलें, आणि मुलगा अभ्यासांत मागें नसलेला. इंजिनिअरिंगची वाट त्याच्यापुढें मोकळी होती. त्याच्या वडिलांनीं त्यास सांगितलें तें पुढें प्रसिद्ध झालेलें आहे: देशांत इंजिनिअर पुष्कळ आहेत, तूं वेगवान गोलंदाज हो. हें वाक्य आम्ही उच्चारलें तेव्हां आमच्या शेजाऱ्यांनीं जो चेहरा केला तो वर्णन करण्यासारखा होता. आज तें वाक्य शहाणपणाचें दिसतें. ज्या दिवशीं तें उच्चारलें गेलें, त्या दिवशीं तें निव्वळ धाडस होतें. त्या वर्षीं लहान गांवांतून मुंबईच्या मैदानांवर उतरलेल्या मुलांपैकीं आपणांस नांव ठाऊक आहे तें ह्या एकाचें. बाकीचीं परत आलीं किंवा दुसऱ्या उद्योगास लागलीं, त्यांचें चरित्र कोणी लिहीत नाहीं. ही गोष्ट आम्ही मुलासमोर स्पष्ट बोललों, आणि येथेंही ती लपवीत नाहीं.

मुंबईस पूर्वीचे कसोटीपटू सुधीर नाईक ह्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबांत झहीर खेळूं लागला. तेथून मद्रासच्या, म्हणजे आतांच्या चेन्नईच्या, एम. आर. एफ. संस्थेंत त्याची निवड झाली. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली ह्यांच्या देखरेखीखालीं ही संस्था १९८७ पासून वेगवान गोलंदाज घडवीत होती. मुंबईच्या संघांत जागा नव्हती, म्हणून तो बडोद्याकडून खेळला, आणि २०००-०१ मध्यें बडोद्यानें रणजी करंडक जिंकला तेव्हां तो त्या संघांत होता. तत्पूर्वीच २००० च्या ऑक्टोबरांत नैरोबी येथें देशाच्या संघांत त्याचें पदार्पण झालें होतें. तेथें ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची यष्टी त्यानें अशा चेंडूवर उडविली, कीं डावखुरा, वेगवान आणि थेट पायांत चेंडू टाकणारा गोलंदाज हिंदुस्थानास मिळाला, ही वार्ता एका दिवसांत सर्वत्र झाली. पुढच्याच महिन्यांत ढाक्यास तो पहिला कसोटी सामना खेळला. बांगलादेशाचाही तो पहिलाच कसोटी सामना होता.

२००३ च्या विश्वचषकांत त्यानें १८ बळी घेतले. पण लोकांच्या लक्षांत राहिला तो अंतिम सामना. जोहान्सबर्ग येथें पहिलेंच षटक त्याच्या हातीं आलें, आणि त्या एका षटकांत १५ धांवा गेल्या. वाइड आणि नो-बॉल ह्यांमुळें सहा चेंडूंच्या जागीं दहा टाकावे लागले. दिवसाअखेर त्याचा हिशेब ७ षटकें, ६७ धांवा, बळी एकही नाहीं, असा होता. आपल्या शाळेंतील हुशार मुलगा परीक्षेच्या पहिल्या प्रश्नासच अडखळतो, त्यांतला हा प्रकार. फरक इतकाच कीं ही उत्तरपत्रिका कोट्यवधि लोक एकाच वेळीं तपाशीत होते.

त्यानंतरचीं दोन-अडीच वर्षें उताराचीं. २००३ च्या डिसेंबरांत ब्रिस्बेन येथें त्यानें ९५ धांवांत ५ बळी घेतले, आणि लागलीच मांडीच्या मागील स्नायूनें दगा दिला. दुखापत, पुनरागमन, पुन्हां दुखापत. (मध्येंच एक गंमत झाली. २००४ च्या डिसेंबरांत ढाक्यास अकराव्या क्रमांकावर फलंदाजीस येऊन त्यानें ७५ धांवा केल्या, व तेंडुलकराबरोबर शेवटच्या जोडीसाठीं १३३ धांवांची भर घातली. अकराव्या फलंदाजाचा तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. पण गोलंदाजास फलंदाजीवर कोणी ठेवीत नाहीं.) नवीन डावखुरे गोलंदाज संघांत आले, आणि २००५ च्या अखेरीस नियामक मंडळाच्या करारांत त्याची श्रेणी 'ब' वरून 'क' वर उतरली. वय सत्तावीस. इंजिनिअरिंग केव्हांच सुटलेलें.

येथें आमच्या शेजाऱ्यांनीं आम्हांस थांबविलें. "हेंच मी म्हणतों, गुरुजी. त्या दिवशीं त्याच्या बापानें काय केलें असेल?" त्याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. मुलानें केलें काय, तें मात्र ठाऊक आहे: तो मजुरीस गेला. मजुरी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों. २००६ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील वुस्टरशायर ह्या कौंटीनें त्यास परदेशी व्यावसायिक खेळाडू म्हणून करारानें घेतलें. ह्याच कौंटीकडून एके काळीं कपिलदेवही खेळला होता. सेव्हर्न नदीच्या काठीं, कॅथीड्रलसमोर तिचें मैदान आहे. चित्रांत फार सुंदर दिसतें, आणि नदीस पूर आला कीं पाण्याखालीं जातें. कौंटीचा खेळाडू तेथें सौंदर्य पाहण्यास जात नसतो. त्या वर्षीं प्रत्येक कौंटीस चार-चार दिवसांचे १६ सामने खेळावयाचे होते, शिवाय एका दिवसाचे निराळे. एक सामना संपला कीं सामान गाडींत टाकावें, रात्रीं दुसरें गांव गांठावें, आणि सकाळीं पुन्हां चेंडू हातीं घ्यावा. प्रेक्षक थोडे, थंडी पुष्कळ, वर्तमानपत्रांत चार ओळी. घरचा संघनायक नाहीं, घरची जेवणाची पंगत नाहीं. करार केला आहे, तेव्हां षटकें टाकलीं पाहिजेत.

तीं त्यानें टाकलीं. कौंटीसाठीं पहिल्याच सामन्यांत त्यानें १० बळी घेतले. वुस्टरशायरच्या नवागतानें असें करण्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. एसेक्सविरुद्ध एका डावांत पहिले नऊही फलंदाज त्यानेंच बाद केले. दहावा झेल उडाला, तो एका सोबत्याच्या हातून सुटला. १३८ धांवांत ९ बळी हा आंकडा पुस्तकांत राहिला. दहावा राहून गेला. हंगामाच्या अखेरीस त्याचे ७८ बळी झाले होते, आणि वुस्टरशायरचा संघ दुसऱ्या श्रेणींतून पहिल्या श्रेणींत चढला होता.

ह्या हंगामांत त्यानें आपली धांव, म्हणजे चेंडू टाकण्यापूर्वीची दौड, आंखडती केली. हें आम्ही सांगितलें तेव्हां इतका वेळ मुका बसलेला मुलगा एकदम बोलला: "पण गुरुजी, दौड कमी केली तर वेग कमी होणार ना?" वडिलांनीं त्याच्याकडे चकित होऊन पाहिलें, घरीं तो इतकेंही बोलत नसावा.

प्रश्न अचूक होता, आणि झहीरच्या उत्तरायुष्याचें सारें मर्म त्यांत आहे. वेग थोडा कमी झाला खरा. पण दर चेंडूमागें शरीराचा खर्चही कमी झाला, आणि वांचलेलें बळ त्यानें मनगटास व बोटांस दिलें. क्रिकेटचा चेंडू दोन अर्धांचा, मधून जाड शिवण. एक बाजू घांसून चकचकीत ठेवतात, दुसरी आपोआप खरबरीत होते. नवा चेंडू शिवण तिरपी धरून टाकला तर तो सामान्यतः खरबरीत बाजूकडे वळतो. पुष्कळ जुना झालेला चेंडू वेगानें टाकला तर उलट चकचकीत बाजूकडे वळूं लागतो. फलंदाज गोलंदाजाच्या हाताकडे पाहून कोणती बाजू कोठें आहे हें ताडीत असतो. झहीर दौडत येतांना डाव्या हातांतील चेंडू उजव्या हातानें झांकून घेई, आणि अखेरच्या क्षणापर्यंत फलंदाजास ती वाचूं देत नसे. त्यांत डावखुरेपणाचा लाभ. यष्टीच्या नेहमींच्या बाजूनें टाकलेला त्याचा चेंडू उजव्या फलंदाजास तिरपा बाहेर जातोसा वाटे, आणि मध्येंच आंत वळे. डावखुऱ्या फलंदाजांस तो दुसऱ्या बाजूनें येऊन टाकी. दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ त्यास ह्या रीतीनें कितीदां तरी बळी पडला. पुढें पुढें तो बोटांच्या पेरांवर धरलेला एक मंद चेंडूही टाकूं लागला. हाताची फेंक वेगाची आणि चेंडू मात्र रेंगाळत येणारा. फलंदाजाची बॅट आधींच फिरून गेलेली असे. ह्यांतलें कांहींही केवळ ताकदीचें काम नव्हे. व्याकरण पक्कें असलेला माणूस थोड्या शब्दांत अधिक सांगतो, तसा हा प्रकार, असें आम्ही मुलास म्हणालों. त्यास व्याकरण आवडत नसावें. पण दृष्टांत समजला.

इंग्लंडांत कमावलेलें पुढच्याच वर्षीं इंग्लंडांतच उपयोगास आलें. २००७ च्या जुलैंत ट्रेंट ब्रिज येथें पहिल्या डावांत ५९ धांवांत ४ बळी घेऊन झहीर फलंदाजीस गेला, तों खेळपट्टीवर साखरेच्या रंगीबेरंगी गोळ्या टाकलेल्या. प्रतिपक्षांतील कोणाची तरी ही पोरकट थट्टा. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांतील माणसास साखरेच्या गोळ्यांनीं डिवचावें, ह्यास काय म्हणावें! तो भयंकर संतापला, आणि दुसऱ्या डावांत ७५ धांवांत ५ बळी घेऊन सामना जिंकून दिला. त्या विजयामुळें हिंदुस्थाननें १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडांत कसोटी मालिका जिंकली.

पुढें २००८ पासून आय. पी. एल.चा लिलाव सुरू झाला. माणसाचा लिलाव हा शब्द आमच्या कानांस अजून रुचत नाहीं. पण उचल घेऊन कोयता बांधला जातो त्या तालुक्यांत राहून आम्हीं फार नाक मुरडूं नये. बंगळूर, मुंबई व दिल्ली ह्या संघांकडून झहीर तेथें बरोबर १०० सामने खेळला आणि १०२ बळी मिळविले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखें आम्हांस कांहीं वाटत नाहीं.

लिहिण्यासारखा आहे तो २०११ चा विश्वचषक. २ एप्रिल रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर पुन्हां अंतिम सामना, आणि पुन्हां नवा चेंडू झहीरच्या हातीं. आठ वर्षांपूर्वी ज्यानें पहिल्या षटकांत १५ धांवा दिल्या होत्या, त्यानें ह्या वेळीं पहिलीं तिन्ही षटकें निर्धाव टाकलीं. पांच षटकांच्या त्या आरंभीच्या माऱ्यांत ६ धांवा गेल्या आणि एक बळी मिळाला. शेवटीं शेवटीं त्यास मार बसला, आणि आंकडा १० षटकें, ६० धांवा, २ बळी असा झाला, हेंही सांगितलें पाहिजे. संपूर्ण स्पर्धेंत २१ बळी; पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीइतके, आणि इतर कोणाहूनही अधिक. विश्वचषक हिंदुस्थानास मिळाला.

ह्यानंतर चार महिनेही लोटले नाहींत. जुलैंत लॉर्ड्सवर कसोटी क्रिकेटच्या इतिहासांतील २०००वा सामना सुरू झाला. पहिल्या दिवशीं झहीरची १३ षटकें आणि ३ चेंडू झाले, १८ धांवांत २ बळी मिळाले, आणि मांडीचा तोच मागचा स्नायू धरला. तो मैदानाबाहेर गेला तो त्या दौऱ्यांत परतलाच नाहीं. संघ चारही सामने हरला. खांद्यावर पूर्वीच शस्त्रक्रिया झालेली होती, नंतर घोट्यावर झाली. पस्तिशीनंतरही तो एकदां परत आला. २०१४ च्या फेब्रुवारींत वेलिंग्टन येथें न्यूझीलंडच्या मॅक्युलमनें ३०२ धांवा केल्या, त्या एका डावांत झहीरनें ५१ षटकें टाकलीं. ५१ षटकें म्हणजे ३०६ चेंडू, आणि प्रत्येकापूर्वीची ती दौड. दौड आंखूड केलेली होती म्हणूनच तें घडलें. १७० धांवांत ५ बळी, आणि अखेर मॅक्युलमला बाद केलें तेंही त्यानेंच. तो त्याचा शेवटचा, ९२वा कसोटी सामना ठरला. कसोटींत एकंदर ३११ बळी; तो निवृत्त झाला तेव्हां हिंदुस्थानी वेगवान गोलंदाजांत त्याच्या पुढें एकटा कपिलदेव होता. एकदिवसीय २०० सामन्यांतील २८२ बळी निराळे. २०२० सालीं सरकारनें त्यास पद्मश्री दिली.

१५ ऑक्टोबर २०१५ रोजीं त्यानें निवृत्ति जाहीर केली. कारण सांगितलें तें हिशेबी माणसाचें: नव्या हंगामाची तयारी करतांना ध्यानांत आलें कीं दिवसास अठरा षटकें टाकण्याचा ताण हा खांदा आतां सोसणार नाहीं. त्या वेळीं त्याचें वय ३७ होतें.

"सदतीस!" आमचे शेजारी म्हणाले. ते सरकारी कचेरींत आहेत. "म्हणजे आमच्या खात्यांत असता तर अजून एकवीस वर्षें नोकरी उरली असती. मला त्या वयांत पहिली बढती मिळाली." मग कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मुलानें वडिलांच्या हातांतील गुणपत्रक हळूच काढून घेतलें, घडी करून खिशांत ठेवलें, आणि आम्हांस विचारलें, "गुरुजी, ती तीन निर्धाव षटकें कोठें पाहावयास मिळतील?"